दुसरी हाक

आमची घरमालकीण पहिल्या हाकेला ओ देत नसे. बहिरी होती म्हणाल, तर अजिबात नाही. आमच्या खोलीत मी दबक्या आवाजात नवऱ्याशी भांडले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भांडणाचं कारण तोंडपाठ असायचं. पण ओट्यावर उभं राहून "काकी!" म्हणून हाक मारली, की ही बया समोर तांदूळ निवडत बसलेली असली तरी मान वर करायची नाही. हातसुद्धा थांबायचा नाही. "अहो काकी!" असं दुसऱ्यांदा ओरडलं, की मग जणू आत्ताच ऐकू आलं अशा थाटात म्हणायची, "काय गो?"

डोकं फिरायचं माझं. मी परळच्या चाळीत वाढलेली. तिथे एका हाकेत चार घरांची दारं उघडतात, ज्याला बोलावलं नाही तोही येतो. गिरण्यांचा संप झाला, आमच्या ह्यांची नोकरी गेली, आणि मग माहुलच्या बाजूला एका कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही तिकडे राहायला गेलो. मालकिणीच्या बैठ्या चाळीत एक खोली रिकामी होती. भाडं, पागडी, पाणी, कशाचंच बोलणं झालं नव्हतं, आणि ही कंबरेवर हात ठेवून मला सांगते, "माका एकदा हाक मारून चलाचा नाय. दोनदा हाक मारूक होयी. जमता तर रव, नाय तर जा." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "जमेल, जमेल." बाहेर आल्यावर मला म्हणतात, म्हातारी जरा सटकलेली दिसते, पण खोली हवेशीर आहे.

हवा तर होतीच म्हणा. गॅसचा वास असलेली. दारातून बघावं तर समोर खाजण, तिवरं, आणि पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. एका चिमणीच्या तोंडावर कायम आग पेटलेली असायची, दिवसा फिकट आणि दिवेलागणीला लालभडक. बाकी सगळं जग, म्हणजे बाजार, दवाखाना, बालवाडी, बस, अगदी स्मशानसुद्धा, रुळांच्या पलीकडे. आणि मध्ये ते फाटक.

मालगाडीचं फाटक ते. प्रवाशांची गाडी तिथे कधी आलीच नाही. तेलाचे टँकर ओढत मालगाडी कारखान्याकडे जायची, तिकडून परत यायची, आणि लहर लागली की फाटकावरच आडवी उभी राहायची. कधी थोडा वेळ, कधी अर्धी दुपार. मग लोक काय करणार? पिशवी पुढे सरकवायची, पदर खोचायचा आणि टँकरच्या खालून वाकून पलीकडे जायचं. सगळे जायचे. मीही गेले आहे. मालकिणीचं अंगण या फाटकाला लागूनच होतं. तिच्या कोंबड्या मात्र रूळ ओलांडत नसत, हे मी शपथेवर सांगते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचे पुतणे, त्यांची मुलं आहेत अजून. सगळी चाळ तिला काकी म्हणायची. उंच, सडसडीत, सावंतवाडीकडची. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने कानाला बांधलेली. विधवा, पण अबोलीचा गजरा मिळाला तर माळायची आणि कोणी टवकारून बघितलं तर अशी बघायची, की बघणाराच वाट बदलायचा.

एकदा निवडणुकीत एक उमेदवार आमच्या चाळीत आले. पांढरे कपडे, हात जोडलेले, मागे पंधरावीस कार्यकर्ते. "काकी, आशीर्वाद असू द्या," असं तिच्यासमोर वाकून म्हणाले. काकी सुके बोंबील उन्हात पसरत होती. पसरत राहिली. उमेदवार तसेच वाकलेले. आम्ही बायका पदर तोंडात कोंबून उभ्या. शेवटी एका कार्यकर्त्याने कानाशी जाऊन बोंब मारली, "काकी, साहेब आलेत!" तेव्हा ती म्हणाली, "मगे बसा की. वाकून कित्या रवलंत?"

स्वतः तर ती कुणाला हाक मारायचीच नाही. एकदाही नाही आणि दोनदाही नाही. नळाला पाणी आलं, कुणाचं पत्र आलं, कुणाचं मूल गटारात उतरलं, काहीही असो, पितळी ताटावर पळी बडवायची. त्या ठणठणाटाने दुपारची झोपलेली बाळं दचकून रडायची. मी म्हटलं, "काकी, तोंड दिलंय ना देवाने? नाव घेऊन बोलवा की." तर म्हणाली, "नाव घेवन हाक मारूची नाय मी." विषय संपला.

चाळीतल्या पोरांनाही तिने हेच शिकवलं होतं. पहिली हाक ऐकायची आणि गप्प बसायचं. दुसरी आली तरच ओ द्यायची. "एकदा हाक कोण पण मारता गो. दोनदा फकत जिता माणूस मारता." बालवाडीच्या बाई एकदा तावातावाने तक्रार घेऊन आल्या. हजेरी घेताना आमच्या चाळीतली सगळी पोरं पहिल्यांदा नाव घेतलं की ढिम्म बसून राहतात म्हणे, दुसऱ्यांदा घेतलं की "हजर." बाई म्हणाल्या, "माझा घसा बसायची वेळ आली हो!" आम्ही खूप हसलो. काकी मात्र हसली नाही. तिने पोरांना एकेक गुळाचा खडा दिला.

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटत होतं मला. पण फाटकाजवळची तिची एक सवय होती, ती बघून मी पहिल्यांदा टरकले. गाडी जायची, गेटमन फाटक उघडायचा, आणि दोन्ही बाजूंची माणसं, सायकली, हातगाड्या एकदम घुसायच्या. काकी घुसायची नाही. ती पदर सावरून बाजूला उभी राहायची. मी तिच्याबरोबर बाजारात निघाले होते. पाऊल उचललं तर तिने मनगट धरलं. "थांब गो. तेंका आदी जावंदे." मी म्हटलं, "कुणाला?" समोर रस्ता मोकळा होता. माणसं तर केव्हाच पांगली होती. रुळांच्या मधोमध दोन कुत्री पसरली होती. ती उठली, शेपट्या पायात घालून वेगवेगळ्या बाजूंना सरकली, आणि जरा वेळाने पुन्हा मध्ये येऊन बसली. काकीने माझं मनगट सोडलं. "चल आता," म्हणाली. त्या दिवशी बाजारात मी काय विकत घेतलं ते मला आठवत नाही.

गेटमनला विचारलं. वाईकडचा माणूस, मिश्यावाला, तसा धीट. तो म्हणाला, "वहिनी, मी इथं नोकरीला आहे. मी काय बघत नाय. पण म्हातारी म्हणती म्हणून फाटक जरा वेळ जास्त उघडं ठेवतो. ती मला चहा देती." आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "चहा नाय दिला तरी ठेवीन."

माझी पिंकी तेव्हा वर्षाची पण नव्हती. एका तिन्हीसांजेला तिला ताप चढला आणि बघता बघता आकडी आली. डोळे पांढरे, मुठी आवळलेल्या. हे कामावर. मी पोरीला उराशी धरून ओट्यावर धावले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "काकी!" तिचं दार उघडं होतं. चुलीच्या उजेडात मला ती दिसत होती. तिने ऐकलं, मला शंभर टक्के माहीत आहे, कारण तिची पाठ ताठ झाली. पण ती हलली नाही. माझा आवाजच गेला, दुसरी हाक येईना. मी तशीच आत घुसले आणि वाटेल ते बोलले. म्हातारे, तुझं वाटोळं होवो, माझी पोर मरतेय आणि तू पूतना बसलीस काय, असलं काय काय. काकी उठली, पोरीला माझ्याकडून घेतलं, कुशीवर वळवलं, अंगावर ओल्या कपड्याच्या पट्ट्या ठेवल्या, ताटावर पळी बडवून शेजारच्या शालनला बोलावलं आणि डॉक्टरकडे पिटाळलं. पोर सावरली. डॉक्टर येऊन गेले. मग मी भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा काकी म्हणाली, "गाळी घातलंस ता बरा केलंस. माका कोणी घातल्यानीच नाय."

आणि मग तिने सांगितलं. तिला एक मुलगा होता. एकुलता एक. रुळांच्या पलीकडे एका गोदामात कामाला जायचा. अशाच एका तिन्हीसांजेला तेलाची गाडी फाटकावर आडवी उभी होती. काकी चुलीपुढे बसलेली. आणि पलीकडून हाक आली, "आये!" त्याचाच आवाज.

"तिन्हीसांज होती गो. माझ्या आवशीन शिकवल्यान होता, सांजच्या येळाक एका हाकेक ओ दिवची नाय. ओ दिली तर हाक मारणारो बरोबर घेवन जाता. माका वाटला, झिल असात तर परत हाक मारतलो. मी वाट बघलंय. गाडी सुटली. गाडी गेली. बघतंय तर पलीकडे कोण नाय."

कुणीच नाही. रुळांवर रक्त नाही, चप्पल नाही, डबा नाही. गोदामातले लोक म्हणाले, तो नेहमीच्या वेळी निघाला. पोलीस आले, खाडीत शोधलं, तिवरांत शोधलं, गावी माणसं पाठवली. काही सापडलं नाही. पोरगा घरच्या वाटेवर, अगदी दाराशी येऊन नाहीसा झाला.

"तो होतो तर मी माझ्या झिलाक ओ दिवक नाय," काकी म्हणाली. "तो नव्हतो, दुसराच काय होता, तर बरा केलंय. पण खरा काय ता माका कोण सांगतलो?"

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिने पिंकीच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाली, "दुसरी हाक मारीत तो. मारूकच होयी. थंयसूनच मारतलो."

पुढे तिचा पुतण्या गावाहून आला. बारा वर्षं उलटली, आता रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालूया, नाहीतर त्याला गती मिळणार नाही, असं तो समजावत होता. काकीने त्याला भात वाढला, आमटी वाढली आणि सांगितलं, "जितो असलो तर? जित्या झिलाचे दिवस घालू मी? जेव आणि जा."

आणि नेमकं तेव्हाच फाटक बंद करायची भाषा सुरू झाली.

सुरुवात शालनने केली. शालन म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली, साताऱ्याकडची. माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा दुप्पट हिमतीची. तिचा नवरा एका संध्याकाळी उभ्या गाडीखालून येत होता, आणि गाडी हलली. जीव वाचला, पाय घोट्यापासून गेला. शालन मूठभर मीठमिरची विकून घर चालवत होती. तिने अर्ज केले, सह्या गोळा केल्या, साहेबांच्या दारात बसली. शेवटी रेल्वेचे साहेब आले आणि म्हणाले, फाटक बंद करून दोन्ही बाजूंना भिंत घालू आणि वरून पूल बांधू. फक्त एक अडचण होती. आमच्या बाजूला एकीकडे नाला, दुसरीकडे तेलाची पाइपलाइन. पुलाचा जिना उतरवायला एकच जागा होती, ती म्हणजे काकीचं अंगण. ती जागा तिने राजीखुशीने दिली तर लगेच काम, नाहीतर फायली फिरत राहणार.

विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. साहेबांना खुर्ची, बाकी सगळे सतरंजीवर. माहुलच्या कोळणी पाट्यांसकट आल्या होत्या. एकजण उठून म्हणाली, "सायब, ही पाटी डोक्यावर घे नि दोन जिने चढून दाव. मंग बांद तुजा पूल." साहेब हसले, तशी ती भडकली, "हसतोस काय? घे ना!" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण तिरडी कशी न्यायची जिन्यावरून? मेलेला माणूस उभा करून नेणार काय?" त्यावर अर्धी सभा हसली आणि अर्ध्या सभेने त्यांना गप्प बसवलं. हातगाडीवाले ओरडले, आम्ही लांबून वळसा घालायचा का? पोरांच्या आया ओरडल्या, तुमच्या गाड्या महत्त्वाच्या की आमची पोरं? मला विचाराल तर मला पूल हवा होता. पिंकी त्या वर्षी बालवाडीत जायला लागली होती. पण काकीसमोर तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

शेवटी सगळ्यांच्या माना काकीकडे वळल्या. साहेबांनी अदबीने विचारलं. अर्थात काकी गप्प. आमच्यातल्या कुणीतरी साहेबांना खूण केली, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं.

"मी जागा दिवचंय नाय," काकी म्हणाली. "भिंत बांधलास तर तो खंयसून येतलो?"

शालन उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "काकी, तुम्ही मला आईच्या जागी. पण तुमचा पोरगा एक हाक मारून गेला, म्हणून आमच्या माणसांनी अजून किती दिवस त्या चाकांखालून जायचं? आम्ही भुताखेताला मानत नाही. बाबासाहेबांनी शिकवलंय ते आम्हाला. तो येणार असता तर एवढ्या वर्षांत आला असता. उद्या कुणाचं लेकरू गेलं ना काकी, तर त्याची आई कुणाला हाक मारणार?"

काकीने चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला आणि निघून गेली. त्या दिवसापासून शालन आणि ती बोलेनाशा झाल्या. चाळीत दोन तट पडले. कुणीतरी काकीच्या कुडावर चिखल फेकला. मी तो धुतला, कुणालाही न विचारता.

त्यानंतरची ती दुपार. ऊन असं की कोंबड्यासुद्धा पिंपाच्या सावलीत चोची उघडून बसल्या होत्या. फाटकावर टँकरची गाडी आडवी उभी होती. इंजिन लांब, वळणाच्या पलीकडे, त्यामुळे आवाज म्हणून कसला नव्हता. चिमणीवरची आग उन्हात दिसत नव्हती, नुसती हवा हलताना दिसत होती. मी काकीच्या ओट्यावर बसून तिच्याबरोबर तांदूळ निवडत होते. बालवाडी सुटायला अवकाश होता. निदान मला तसं वाटत होतं. बाईंना बरं नव्हतं आणि त्यांनी पोरांना लवकर सोडून दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

आम्ही बोलत नव्हतो. सुपातल्या तांदळाची खसखस तेवढी. आणि काकी एकदम म्हणाली, "ओ!"

मी दचकले. कुणीच हाक मारली नव्हती. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, मला ऐकू आलं नसतं का? काकी उठली. सूप उलटं झालं, तांदूळ सगळीकडे. "इलंय रे! इलंय!" असं ओरडत ती अनवाणी फाटकाकडे धावली. साठीच्या पुढची बाई, आणि अशी धावली, की मी उठेपर्यंत ती दांड्याखालून पलीकडे गेलीसुद्धा. मला वाटलं, संपलं, म्हातारीचं डोकं फिरलं, आता ती गाडीखाली जाणार. मी तिच्यामागे ओरडत पळाले. ती दोन टँकरच्या मध्ये वाकली, हात आत घातला, आणि ओढून बाहेर काढलं ते माझ्या पिंकीला.

त्याच क्षणी गाडीला हिसका बसला. लांबून एकेक डबा खणाखणा आदळत आवाज आमच्याकडे आला, आमच्यासमोरून गेला, आणि चाकं फिरायला लागली.

मी आधी पिंकीच्या थोबाडीत मारली आणि मग तिला असं कवटाळलं, की ती गुदमरली. "खाली काय करत होतीस गं, भवाने?" तर म्हणते, "सावली होती म्हणून बसले." सावली! गेटमन झेंडा धरून तसाच उभा होता. शालन धावत आली, मागून तिचा नवरा कुबडीवर. ती म्हणाली, "बरं झालं बाई, पोरीने हाक मारली म्हणून वाचली."

"मी नाही मारली," पिंकी म्हणाली.

"मग आजीला कसं कळलं, तू तिथे आहेस?"

"माझ्या मागून कुणीतरी मारली ना."

गाडी अजून जातच होती. काकीने पिंकीला ओट्यावर नेलं, मांडीवर बसवलं, गूळपाणी दिलं. पोरीचा हात तिने सोडला नव्हता. हळूच विचारलं, "काय म्हणालो गो तो?"

"आये म्हणाला."

आमच्या घरात कुणी आये म्हणत नाही. पिंकी मला मम्मी म्हणायची आणि काकीला आजी.

"किती येळा?"

"एकदाच."

काकीने डोळे मिटले. मला तिचा सगळा हिशेब कळत होता. एकदाच. त्या वेळी एकदा आणि आताही एकदाच. जिवंत माणूस दोनदा मारतो. इतकी वर्षं ती ज्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होती, ती हाक आता येणार नव्हती.

"म्हणजे माझो झिल नाय आता," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग परत पिंकीकडे वळली, आणि तिचा आवाज इतका लहान झाला, की मला तो ओळखूच आला नाही. "बाय माझे, आवाज कसो होतो? रागान मारल्यान?"

पिंकीने जरा विचार केला. "नाही गं आजी. बाबा कामावरून येतात ना, आणि भूक लागलेली असते, तसा."

काकीने पदर तोंडावर घेतला. मी आणि शालन तिच्या दोन बाजूंना सरकून बसलो. मग डोळे पुसून शालनला म्हणाली, "घे गो तुझी जागा. खंय सही करूची ती दाखव."

शालन ओक्साबोक्शी रडायला लागली. "नको काकी, आज नको. राहू दे आज." "आजच," काकी म्हणाली.

पूल झाला. भिंत झाली. अजूनही कोळणी त्या जिन्यावर थांबून रेल्वेला शिव्या घालतात. काकीने तो पूल पाहिला नाही, पुढच्या शिमग्याआधीच ती झोपेत गेली. एका हाकेला ओ दिली की तो बरोबर घेऊन जातो, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं, तेव्हा चाळीत काय कुजबुज झाली ते मी वेगळं सांगायला नको. शालन म्हणते, वय झालं होतं, छातीत कळ आली, दुसरं काही नाही. पोरीच्या कानात वारा घुमला असेल, असंही म्हणते. पण काकीने ओ दिली तेव्हा ओट्यावरून पिंकी दिसत नव्हती, हे तिलाही माहीत आहे. आणि मला विचाराल तर, ओ दिली की काय होतं हे माहीत असूनही काकीने ती दिली, एवढंच मला ठाऊक आहे. माझी पोर त्यामुळे आहे.

त्या दुपारी सही करून झाल्यावर तिने चूल पेटवली. सुरमईचं तिखलं केलं, भात केला, सोलकढी केली. तिन्हीसांजेला केळीच्या पानावर सगळं वाढलं. गेलेल्या माणसासाठी पान वाढून बाहेर ठेवायची तिच्या गावची रीत. त्याच्यासाठी तिने ते कधीच ठेवलं नव्हतं. ती ते पान दोन्ही हातांवर घेऊन रूळ ओलांडून पलीकडे गेली. गेटमनने फाटक उघडून धरलं होतं, आणि कुणीही मध्ये घुसलं नाही. सगळी चाळ अलीकडे उभी होती. पलीकडे, जिथून त्याची हाक आली होती तिथे, तिने पान खाली ठेवलं, पाणी फिरवलं आणि उभी राहिली. आम्ही कुणीच तिला कधी कुणाचं नाव घेऊन हाक मारताना ऐकलं नव्हतं. मुलाला तर ती नुसतं 'झिल' म्हणायची, त्याचं नाव काय, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाबल्याऽऽ! ये रे, जेवक ये!"

ती थांबली. त्याला ओळख पटावी, हाक मारणारी जिवंत आहे, त्याची आईच आहे, हे त्याला कळावं, म्हणून ती थांबली. आणि मग तिने दुसऱ्यांदा हाक मारली.